बेडकांची गप

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. वसईत खाडीच्या बाजूला एका गावात त्यांची वाडी आहे, आणि घराच्या अंगणापासून वीस-पंचवीस पावलांवर आमचं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि केळींना, मोगऱ्याला, घरच्या भाजीला वर्षभर पुरतं. गावातली बरीच बावखलं आता भराव टाकून बुजवली आहेत. आमच्या बावखलाची चौकशी करायलाही माणसं यायची, पांढरे शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. दादा पेढे ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, "माझे बेडूक कुठं जातील?" ती माणसं हसायची. म्हातारा चेष्टा करतोय असं त्यांना वाटायचं.

चेष्टा नव्हती. दादांना काचबिंदू आहे. आम्हाला कळलं तोवर उजवा डोळा गेला होता, आणि डाव्या डोळ्याला आता काळ्यावर पांढरं काही असलं तर तेवढंच दिसतं. आई गेल्यापासून ते वाडीत एकटे राहतात. शेजारची मावशी दोन वेळचं जेवण आणून देते. बाकी सगळा कारभार ते कानांनी चालवायचे. बावखलात बारा महिने बोलणारे छोटे बेडूक होते, पावसाळ्यात त्यांच्यात मोठे पिवळे येऊन मिसळायचे. आवाज डाव्या हाताला ठेवून चाललं की फाटक येतं आणि उजव्या हाताला ठेवून परत फिरलं की घर, एवढा साधा हिशेब. काठी होती, पण ती कुत्र्यांसाठी.

"बेडूक बोलतात ते सोड, गप होतात ते ऐक," असं ते मला सांगायचे. काठावरून कुणी चाललं की बेडूक गप्प होतात, माणूस पुढे गेला की पुन्हा सुरू होतात. या थांबण्याला दादांनी नावच ठेवलं होतं, गप. मावशीची गप छोटी, कारण ती ताट झाकून भराभर येते. मीटर वाचायला येणाऱ्याची गप तुकड्यातुकड्यांची, कारण तो फोन बघत थांबत थांबत चालतो. आणि सगळ्यांत लांब गप माझी. लहानपणापासून मी बावखलाच्या पायरीवर पाय धुते आणि मगच घरात जाते, आणि धुता धुता उगाच पाण्याकडे बघत राहते. मी अंगणात पोचायच्या आत दादा घरातून म्हणायचे, "लांब गप झाली. बाय आली. चा ठेवा कुनीतरी." घरात दुसरं कुणी नसायचं. चहा मीच ठेवायची.

हे सगळं मी बिघडवलं. उगाच आडवळणं घेत नाही, सरळ सांगते.

मी तालुक्यातच आचोळ्याला, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या शिकण्याच्या काळात मेणाच्या ट्रेवर बेडूक टाचण्या लावून चिरायचे. मी पुष्कळ चिरले. त्यांतले बरेचसे दादांनीच बावखलातून धरून पिशवीत घालून दिले होते, मुलीचं शिक्षण म्हणून. पुढे ते प्रॅक्टिकल बंद झालं आणि मला बरं वाटलं, पण बेडूक दिसला की हात अजून आखडतो. तर स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानात एका संध्याकाळी काचेच्या टाकीत मला दोन पांढरे बेडूक दिसले. आफ्रिकेकडची जात. अंग पांढरं, जरा गुलाबीसर, डोळे लाल आणि ते डोक्यावर, वर बघणारे. पापण्या नाहीतच. पुढचे हात तान्ह्या मुलाच्या हातांसारखे पसरून ते पाण्यात नुसते लोंबत होते. दुकानदार म्हणाला, पाण्याबाहेर येतच नाहीत, आवाज करत नाहीत, काही त्रास नाही. मी दोन्ही घेऊन आले. चिरलेल्यांची भरपाई म्हणून दोन जगवावेत, असं काहीसं मनात होतं. चांगल्या हेतूने माणूस किती घोळ घालतो ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्षभर त्यांनी खरंच त्रास दिला नाही. मग जुलै आला. आमच्या इमारतीला पाणी एक दिवसाआड, तेही टँकरचं, आणि त्याला औषधाचा असा वास की त्यात बेडूक ठेवायचा धीर होईना. मी बाल्कनीच्या पन्हळीखाली पिंप लावलं आणि बेडकांच्या टबात रोज गार पावसाचं पाणी ओतायला लागले. पाण्याची टंचाई नसती तर मला हे सुचलंही नसतं. आणि नेमकं गार पावसाचं पाणी म्हणजेच त्यांच्या अंगात भिनलेली खूण. पाचव्या दिवशी सकाळी टबाच्या भिंतीला, पाण्यातल्या झाडाच्या पानांना, अगदी थर्मामीटरलासुद्धा साबुदाण्याएवढी अंडी चिकटलेली होती. मला कोण आनंद झाला. परदेशात लोक यासाठी इंजेक्शनं देतात आणि माझ्याकडे नुसत्या पन्हळीच्या पाण्यावर झालं, हे मी स्टाफरूममध्ये चार जणांना तरी ऐकवलं असेल.

त्याआधीच्या रात्री जेवताना नवरा घड्याळाकडे बघत म्हणाला होता, "हे आज फार टिकटिकतंय." त्याने घड्याळ उतरवून सेल काढला. टिकटिक चालूच राहिली. आम्ही दोघं हातातला घास तसाच ठेवून ऐकत बसलो. टबाच्या पाण्यातून येत होती, सुपारी बारीक कातरावी तशी, कट कट कट, न थांबता. आवाज करत नाहीत असं दुकानदाराने सांगितलं होतं ते बाहेरच्यापुरतं. हे बेडूक पाण्याखाली बोलतात.

अंड्यांतून जे निघालं ते काचेसारखं होतं. भुंडं डोकं, दोन मिशा, आत धडधडणारं हृदय स्पष्ट दिसायचं. सुक्या वाटाण्याचं पीठ पाण्यात भिरभिरवलं की त्यांचं पोट हिरवं व्हायचं. ते डोकं खाली करून तिरके तरंगायचे, शेपटीचं टोक तेवढं सतत थरथरतं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. टब फिरवून ठेवला तर थोड्या वेळाने पुन्हा सगळे मिळून एकीकडे वळायचे. एकदा ती दिशा नेमकी आमच्या बेडरूमच्या दाराची होती. नवऱ्याने त्या रात्री दार लावून घेतलं आणि वर म्हणाला, "तुझ्या प्रजेने आपल्याला घराबाहेर काढायच्या आत काहीतरी कर."

करणार काय? एकही मरेना. मी पाणी इतकं जपून बदलत होते आणि इतकं नियमाने खायला घालत होते की निसर्गात शंभरांतला एखादा जगावा तिथे माझ्याकडे सगळेच्या सगळे जगले. दोन महिन्यांत त्यांना हातपाय फुटले. बादल्या, पिंप, जुनं वॉशिंग मशीन, कपडे भिजवायचा टब, सगळीकडे पांढरं. दर काही दिवसांनी ते अंगावरची कात सोडायचे, आणि बनियन डोक्यावरून काढून तोंडात कोंबावा तशी ती स्वतःच खायचे. झाकण नीट बसलं नाही की एखादा बाहेर पडून फरशीवरून सरकत जायचा. त्याला उडीही नीट मारता येत नसे, नुसता सरकायचा.

दुकानदाराने पहिल्यांदा पिशवीभर आनंदाने घेतले. तिसऱ्या वेळी मला लांबूनच बघून हात हलवला. "मॅडम, बस करो अभी. टँक में छोड़ता हूँ तो बाकी मछली खा जाते हैं." मग मी विद्यार्थ्यांना वाटले, शेजाऱ्यांना वाटले, इमारतीतल्या दोन मुलांच्या वाढदिवसाला दिले. पंधरा दिवसांत ते परत यायला लागले. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर कडीला पिशवी अडकवलेली, आत पाणी आणि पाण्यात वर बघत पसरलेला पांढरा बेडूक. चिठ्ठी नाही, बेल नाही. पुढच्या पावसाळ्यात एकदा तर मी दिलेल्यांपेक्षा जास्त परत आले. माझ्या बेडकांना कुणाच्या तरी घरी पोरं झाली होती आणि ती मुकाट्याने माझ्या दाराशी पोचवली गेली होती.

मारता आले असते. कसे मारायचे ते मला चांगलं माहीत आहे, मी शिकवलेलं आहे. पण ते जमलं नाही. आणि पाण्यात सोडायचे नाहीत हेही मला चांगलं माहीत होतं. दरवर्षी तो धडा मी फळ्यावर चित्रं काढून शिकवते, परके जीव बाहेरून आले की स्थानिकांचं काय होतं. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न आहे. तेव्हा मी तिसरा मार्ग काढला आणि त्या दिवाळीच्या सुट्टीत टेम्पोत पिंपं घालून सगळी प्रजा दादांच्या पडवीत नेऊन ठेवली.

त्यांना सांगितलं, थोडे दिवस सांभाळा. त्यांनी पिंपावर वाकून बघितलं आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. पिंप आतून काळं होतं. काळ्यावर पांढरं. "बाय," ते म्हणाले, "हे मला दिसतात गं." त्यांनी पाण्यात हात घातला. बेडूक येऊन त्यांच्या बोटांशी झोंबू लागले. "ह्यो एक हितं. ह्यो दुसरा. हात कसे पसरलेत बघ." चार वर्षांत त्यांनी असं डोळ्यांनी काही बघितलं नव्हतं. मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. आपल्या हातून फार मोठं काम झालं असं मला वाटलं, आणि पाण्यात सोडू नका हे त्यांना सांगायचंच राहिलं.

त्या हिवाळ्यात दादांचा रोज फोन यायचा. आज कोणाला किती वाटाणा घातला, कोण कुणाच्या पाठीवर बसलं, कोण उपाशी. पहिल्यांदा मला कौतुक होतं. पण मार्च आला, बोर्डाचे पेपर तपासायला आले, एकीकडे घरकाम, एकीकडे गठ्ठे, आणि मला सगळ्या जगाचा वैताग आलेला. त्या दुपारी फोन वाजला. दादा सांगत होते, एकाच्या मागच्या पायाचं नख तुटलंय, हळद लावू का. मी लाल पेन हातात धरून तडकले. म्हणाले, "दादा, सोडा आता ते बेडूक. दुसरं काही असेल तर बोला."

मग ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे बोलायला.

पेपर संपल्यावर मी वाडीत गेले. पडवीत पिंपं धुऊन उपडी घातली होती. मी विचारलं तर दादा म्हणाले, "तूच सांगितलंस ना, सोडा. त्याच सांजेला सोडले." मावशीने बादल्या पायरीपर्यंत नेल्या होत्या. दादा गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकेकाला ओंजळीत घेऊन त्यांनी बावखलात सोडलं. "गनपतीला म्हनतो तसं म्हनलं त्यांना, पुन्हा येवा. शेवटचा गेला तोवर दिसत व्हता मला. मंग पानी काळं झालं."

मी म्हणायला हवं होतं, दादा, मी तो विषय सोडा म्हणाले होते, बेडूक पाण्यात सोडा म्हणाले नव्हते. एवढंच वाक्य. ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. माझ्या एका शब्दाखातर त्यांनी आपल्याला दिसणारी एकुलती एक गोष्ट हाताने सोडून दिली होती, आणि तक्रारीचा सूरही नव्हता. मी चहा ठेवला. बावखलातले बेडूक बोलत होते, नेहमीसारखेच, आणि मी स्वतःला समजावलं की बावखल मोठं आहे, होईल काहीतरी.

त्या पावसाळ्यात आवाज विरळ झाला. पिवळे आले, चार दिवस ओरडले, पण नंतर पाण्यात त्यांची पिल्लं दिसेनात. एका दुपारी पायरीवर बसून मी पाहिलं. काळ्या बारीक पिल्लांचा एक झुबका काठाला वळवळत होता. खालून दोन पांढरे हात आले आणि झुबक्याचा अर्धा भाग तोंडात लोटून गेले. जीभ नसते त्यांना, हातांनीच कोंबतात. मोठे बेडूक का गेले ते मी ठाम सांगू शकत नाही. काठच्या गवतात काही मेलेले सापडले, कदाचित माझ्या प्रजेच्या अंगावरून एखादा रोग आला असेल. दिवाळीपर्यंत दोन-तीन आवाज उरले. संक्रांतीला एक होता. तो काही दिवस एकटाच बोलला आणि मग थांबला.

त्यानंतर दादांचा फोन यायला लागला तो वेगळाच. "बाय, तू आलीस का?"

"नाही हो, मी घरीच आहे."

"मंग बावखलावर कोन उभं हाय?"

मावशीला पाठवलं. कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दादांच्या हिशेबाने गप म्हणजे माणूस, आणि ही गप संपतच नव्हती. कुणीतरी येऊन काठावर उभं राहिलं होतं आणि जात नव्हतं. आधी त्यांना वाटलं, पेढेवाली माणसं जागा मोजायला आली आहेत. ते अंगणातून ओरडून त्यांना हाकलायचे. मग आवाज खाली आला. एकदा मला हळूच विचारलं, "तुझी आय तर नसंल? ती भांडी घासायला तिथंच बसायची." मी म्हटलं, काहीतरीच काय.

मावशीनेही त्या वाटेने येणं सोडलं. ताट घेऊन मागच्या बाजूच्या दगडी गडग्यावरून वळसा घालून यायची. "तुझा बाप दिवेलागणीला दारात बसतो आनि कोन हाय, कोन हाय विचारतो," ती मला म्हणाली. "आपन ऐकायला गेलं तर खरंच कायच ऐकू येत नाय. रातकिडापन नाय. मला त्या पान्याकडं बघवत नाय गं." रातकिडे होते, मी नंतर ऐकले. पण तिला ते ऐकू येत नव्हते, हेही खरं.

दादा फाटकाकडे जाईनासे झाले. आवाजच नाही तर डाव्या हाताला ठेवणार काय? मग एका संध्याकाळी, जो कोण उभा आहे त्याला धरायचंच म्हणून काठी घेऊन निघाले आणि सरळ पायरीवरून पाण्यात गेले. कमरेपर्यंतच पाणी होतं, कोपर फुटलं, बाकी काही नाही. मावशीने ओढून काढलं तेव्हा ते म्हणत होते, पाण्यात माझ्या पायाला कुणाचे तरी हात लागले.

नवरा म्हणाला, आता पुरे, त्यांना इथे आण. आणलं. आठ दिवस दादा आमच्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसले. लिफ्टचं दार, कुकर, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, यांतला कुठला आवाज कुठल्या हाताला ठेवायचा ते त्यांना कळेना. संडासात जातानाही कुणाचा तरी खांदा लागायचा. नवव्या दिवशी त्यांनी पिशवी भरून मांडीवर ठेवली. म्हणाले, "तिथं कोन हाय त्याला मी भितो, पन ते माझं घर हाय. हितं मी कोनच नाय." मी त्यांना परत नेलं. जाताना रिक्षात मला सारखं वाटत होतं की मी यांना एका गोष्टीच्या स्वाधीन करायला नेते आहे आणि ती गोष्ट माझ्याच घरातून गेलेली आहे.

त्या आठवड्यात मी रजा काढली. गावातल्या एका मासेवाल्याला बोलावलं. त्याने फेकजाळं टाकलं आणि ओढलं. जाळं वर आलं ते पांढरं. मला वाटलं होतं वीस-तीस असतील. ते एकमेकांच्या अंगावर थरांनी पडले होते, न फडफडता, सगळे डोळे वर. त्याने जाळं खाली ठेवलं आणि दोन पावलं मागे सरला. मासा असता तर तडफडला असता, असं म्हणाला. दुसऱ्यांदा टाकलं, तिसऱ्यांदा टाकलं, तसंच. चौथ्यांदा टाकायला तो तयार होईना. जे निघाले ते मी पिंपात भरले आणि या वेळी जे करायचं ते केलं, माझ्या हाताने, कॉलेजात शिकवते त्या पद्धतीने. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण संपले का, हे कळायला हवं होतं. पाण्याच्या मोटारीच्या जुन्या पाइपाचा एक तुकडा मी पाण्यात बुडवला आणि वरच्या टोकाला कान लावला. वर ऊन, केळीची पानं, लांबून रस्त्यावरचा हॉर्न. आणि पाइपातून, खालून, कट कट कट कट. एक नाही, दोन नाही. सगळं बावखल आतून बोलत होतं. दादांच्या कानापर्यंत यातलं काही पोचत नव्हतं. मी पाइप बाहेर काढला आणि पायरीवर तशीच बसून राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन उतरलं. मावशी मागच्या बाजूने ताट ठेवून गेली असावी. मग घराचं दार वाजलं, आणि दादांचा आवाज आला. हा आवाज मी फोनवर कधी ऐकला नव्हता. विनवणीचा होता.

"कोन हाय तिथं? काय पायजे तुला?"

मला एकदम लाज वाटली. संक्रांतीपासून हा म्हातारा माणूस रोज संध्याकाळी हा प्रश्न विचारत होता आणि त्याचं उत्तर फक्त मला माहीत होतं. मी उठले.

"मी आहे, दादा."

ते दारात थांबले. एक हात चौकटीवर. "बाय?"

"हो."

"कवापासून उभी हायेस?"

आज दुपारपासून, असं म्हणता आलं असतं. "तुम्ही बेडूक सोडलेत तेव्हापासून," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, काठावरूनच. फोनवर मी काय म्हणाले होते आणि मला काय म्हणायचं होतं, ते पांढरे बेडूक पिल्लांना कसे खातात, आपले बेडूक का गप झाले, पाण्यात पायांना कुणाचे हात लागले. दादा ऐकत राहिले. मी थांबले तेव्हा कुठेच काही आवाज नव्हता.

"म्हंजे ही गप तुझी," ते म्हणाले.

"माझीच."

"मंग इतके दिस बोलली का नाय?"

मग तेच म्हणाले, "पाय धुवून आत ये. चा ठेव." मी पाय धुतले. पाणी गार होतं आणि मी ते पटकन धुतले.

याला आता सात-आठ महिने झाले. फाटकापर्यंत आम्ही दोरी बांधली आहे, दादा ती डाव्या हाताने धरून जातात. दर रविवारी मी जाळं लावते, दर रविवारी काही निघतात. एखादा छोटा बेडूक कुठून तरी परत येईल म्हणून मी पावसाळाभर कान देऊन होते. आला नाही.

दादा मात्र आता घाबरत नाहीत. मावशी पुन्हा पुढच्या वाटेने येते, आणि तिनेच मला सांगितलं. दिवेलागणीला ते दारात येऊन बसतात, बावखलाकडे तोंड करतात आणि बोलतात. बाय, काळोख पडतोय. बाय, पायरीवर शेवाळ हाय, घसरशील. बाय, किती वेळ उभी राहशील, आत ये ना. त्या वेळी मी आचोळ्याला असते, भाजी चिरत नाही तर पेपर तपासत. मावशी म्हणाली, तू समजाव त्यांना. मला समजवायचं धाडस झालं नाही.

काल त्यांचा फोन आला होता. वाटाणा नाही, बेडूक नाही, साधी चौकशी. ठेवता ठेवता म्हणाले, "आज लवकर आलीस बावखलावर. कॉलेजला सुट्टी व्हती का?"

मी हो म्हटलं.